मार्चअखेरची पिल्लं

जळगावहून आलेलं पाकीट यादव भालेरावांनी फोडलं तेव्हा शुक्रवारचे साडेचार वाजले होते. तेच पाकीट त्यांनी पुढच्या बुधवारी फोडलं असतं, तर त्यांचं अख्खं वर्ष सुखात गेलं असतं. पण टपाल आलं की फोडायचं, शिक्का मारायचा आणि आवकीला चढवायचं, ही त्यांची चौदा वर्षांची सवय होती.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची. गिरणाकाठच्या त्या पंचायत समितीचं नाव सांगत नाही, कारण यातली काही मंडळी अजून पेन्शन घेतात. तिथल्या पशुसंवर्धन विभागात तीनच माणसं होती. विस्तार अधिकारी चुडामण पाटील, कारकून यादव भालेराव आणि शिपाई लोटन. खोलीही एकच, आणि तिच्या पत्र्याला सात भोकं. भालेरावांनी ती मोजून, नकाशा काढून, दुरुस्तीच्या मागणीसोबत तीनदा वर पाठवली होती.

भालेरावांच्या कारकिर्दीत लेखापरीक्षणाचा एकही आक्षेप निघाला नव्हता. वस्तीतल्या जयंतीच्या वर्गणीची वहीसुद्धा दरवर्षी त्यांच्याकडेच असायची. कुणी म्हणे, भालेरावांनी पाच पैसे खाल्ले असं ऐकलं तर आधी डॉक्टरला बोलवा, सांगणाऱ्यासाठी.

पत्र वाचून ते साहेबांसमोर उभे राहिले.

"साहेब, अठराशे रुपये आलेत."

"पत्र्याचे?" पाटीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"पिल्लांचे. एक महिना वयाची दोनशे कोंबडीची पिल्लं घ्यायची आणि वीस गरीब लाभार्थ्यांना दहा-दहा वाटायची. एकतीस मार्चच्या आत. उद्या चौथा शनिवार, परवा रविवार, सोमवारी पाडवा. हाती राहिला मंगळवार. मी म्हणतो, परत पाठवू."

साहेबांनी चष्मा काढला. "भालेराव, सरकारचे पैसे परत पाठवणं म्हणजे पंगतीत वाढलेलं ताट परत करणं. पुढच्या खेपेला वाढपी आपल्या पानापुढे थांबतच नाही. वर बजेट करणारा माणूस काय बघतो? गेल्या साली किती दिले आणि किती खर्चले. उरले, की तेवढी कात्री."

"मग तेच अठराशे पत्र्याला..."

"बजेटात पत्र्याचं शीर्ष वेगळं, पिल्लांचं वेगळं. पिल्लांच्या पैशातून पत्रा घेतला तर आपण दोघं घरी जाऊ. लोटन, धुळ्याला जायचं!"

धुळ्याच्या उबवणी केंद्रावर पाडव्याच्या दिवशीसुद्धा माणूस होता, कारण अंड्यांना सुट्या ठाऊक नसतात. मंगळवारी सकाळी लोटन एसटीच्या मागच्या बाकावर आठ टोपल्या घेऊन परत आला. त्याच्या टोपीवर, खांद्यावर आणि कंडक्टरच्या पिशवीवर पिल्लं बसून आली होती.

"बठ्ठा जित्ता शेतस, भाऊसाहेब," तो अभिमानानं म्हणाला. "एक बी मरनं नही."

भालेरावांनी दोनदा मोजली. दोनशे भरली. संध्याकाळी साडेपाचला कोषागाराच्या खिडकीतून बिल पास होऊन आलं आणि साहेबांनी जळगावला तार ठोकली: संपूर्ण अनुदान खर्ची. पिल्लांची नोंद कुठल्या वहीत करायची हा प्रश्न निघाला, तेव्हा कचेरीत एकच संग्रहवही सापडली, जडवस्तूंची. एक टेबल, तीन खुर्च्या, एक घंटा, आणि त्याखाली सुवाच्य अक्षरात, 'कोंबडीची पिल्ले, नग २००'.

एक एप्रिलला भालेरावांनी लाभार्थ्यांची यादी मागितली. यादी समितीनं करायची होती. समितीच्या सभेला सभापती आले तर उपसभापती येत नसत, आणि दोघं आलेच तर एकमेकांच्या गावातले गरीब त्यांना गरीब वाटत नसत. सभा तहकूब झाली. पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली.

इकडे पिल्लांना भूक लागत होती. भालेरावांनी खाद्यासाठी जळगावला लिहिलं. उत्तर आठ दिवसांत आलं, आणि ते इतकं मुद्देसूद होतं की त्यांना रागही धड येईना. पिल्लांची तरतूद गेल्या वर्षीच्या अर्थसंकल्पात होती. खाद्याची तरतूद यंदाच्या अर्थसंकल्पात प्रस्तावित आहे. यंदाचा अर्थसंकल्प पूर्ण मंजूर व्हायचा असून तूर्त लेखानुदानावर काम चालू आहे. लेखानुदानातून पगार देता येतात, नवीन बाब सुरू करता येत नाही. सबब, पिल्लांना खाऊ घालणं ही नवीन बाब होती.

"म्हणजे ती सरकारी नियमानं अजून जेवायला लागलेलीच नाहीत," साहेब म्हणाले.

लोटननं धान्य बाजारातली झाडलोट आणायला सुरुवात केली. पण एप्रिलच्या उन्हात पत्र्याखालची ती खोली भट्टीसारखी तापायची. पिल्लं चोची उघडून बसू लागली, तेव्हा भालेरावांनी लेखी परवानगी घेतली आणि आठही टोपल्या घरी आणल्या. घराला ऐसपैस अंगण होतं, कडुनिंब होता, आणि कलाबाई होत्या.

कलाबाईंनी टोपल्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"कुणाची?"

"सरकारची. आठ दिवसांत जातील."

"दाणे कोण देणार?"

"तरतूद व्हायची आहे."

"तुमच्या पगारातून दर महिन्याला कापतात तो व्यवसाय कर, तो जातो कुठं? असल्याच पिल्लांना ना? मग कर पण आपणच भरायचा आणि दाणे पण आपणच टाकायचे?"

भालेरावांना याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात सापडलं नाही. कलाबाईंनी पदर खोचला आणि रात्रीच्या उरलेल्या भाकरी कुस्करायला घेतल्या.

तिसऱ्या दिवशी घार आली. भालेराव लोटनला घेऊन तडक साहेबांकडे गेले. "पंचनामा करायचा आहे. एक नग कमी झाला."

"कसा कमी झाला?"

"घार उनी नि लई गयी," लोटन म्हणाला. "मन्हा डोयासमोर."

साहेबांनी दार लावून घेतलं. "भालेराव, एका पिल्लाचा पंचनामा वर गेला, तर वरचे पहिला प्रश्न काय विचारतील? एकशे नव्याण्णव अजून तुमच्याकडे कशी? वाटली का नाहीत? वहीत दोनशे आहेत ना? दोनशेच राहू द्या."

त्या दिवसापासून वहीतली पिल्लं आणि अंगणातली पिल्लं यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वहीत दोनशे होती, ती मरत नव्हती, वाढत नव्हती, खात नव्हती. अंगणातली मांजरानं नेली, मुंगसानं नेली, तरी पावणेदोनशेच्या वर उरली. आणि ती वाढायला लागली. भालेरावांना झोपेत खुडबुड ऐकू येऊ लागली. आठवड्याला एकदा ते जडवस्तू वही उघडून त्या ओळीकडे बघत, आणि घशाखाली घास उतरेनासा होई. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांची वही खोटं बोलत होती.

पोळ्याच्या सुमाराला पहिलं अंडं पडलं. कलाबाईंनी ते हातावर घेऊन नवऱ्याला दाखवलं. मुलगा पहिला आला म्हणून सांगावं, तसा त्यांचा चेहरा होता. भालेरावांचा मात्र उतरला.

"हे सरकारी उत्पन्न आहे," ते म्हणाले. "खायचं नाही."

पंधरा दिवसांत रोजची पन्नास-साठ अंडी पडू लागली. भालेरावांनी अंडी विकून पैसे भरायची परवानगी मागितली. ती तोंडी मिळाली, म्हणून ते आधी कोषागारात चौकशीला गेले. खिडकीतल्या बाबूनं चलन उलटसुलट करून पाहिलं.

"कशाचं उत्पन्न?"

"अंड्यांचं."

"तुमच्या कचेरीला बजेटात अंड्यांचं उत्पन्न दाखवलंय का?"

"नाही. अंडी नंतर आली."

"मग शीर्ष नाही. शीर्ष नाही तर जमा नाही. जे बजेटात नाही ते सरकारला मिळूच शकत नाही, भालेराव."

"पण ते मिळतंय! रोज सकाळी मिळतंय!"

"तुम्हाला मिळतंय," बाबू शांतपणे म्हणाला, आणि भालेरावांना दरदरून घाम फुटला.

अंडी कचेरीच्या कपाटात, फायलींच्या वरच्या खणात जमा होऊ लागली. साहेब अधूनमधून सहा-सात 'तपासणीसाठी' नेत. बाकीची नासली. कपाट उघडलं की माणसं नाकाला रुमाल लावून बाहेर जात, आणि त्या दिवसांत त्या विभागात कुणाचंही काम अडून राहिलं नाही.

दिवाळीनंतर अखेर चमत्कार झाला. सभापती आणि उपसभापतींची एका लग्नात सोयरीक जुळली आणि वीस लाभार्थ्यांची यादी एका सभेत मंजूर होऊन आली. भालेरावांनी देवाला नव्हे, पण सभापतींना मनोमन हात जोडले. त्याच दुपारी ते योजनेचं परिपत्रक घेऊन साहेबांकडे आले. चेहरा पांढरा.

"साहेब, कलम चार. 'वाटप करावयाचे पिल्लू एक महिना वयाचे असावे.' आपली आता नऊ महिन्यांची झालीत. ती पिल्लं राहिलीच नाहीत."

"मोठी दिली तर लोक रडतील का?"

"लोक नाही रडणार. लेखापरीक्षक मला रडवतील. वहीत पिल्लं आहेत. कोंबड्यांची वहीत नोंदच नाही."

त्या संध्याकाळी ते न जेवता अंगणात बसून राहिले. समोर पावणेदोनशे कोंबड्या आणि कोंबडे माती उकरत होते. कलाबाई शेजारी येऊन बसल्या.

"तुम्हाला महिन्याची दोनशे पिल्लं पाहिजेत. एवढंच ना?"

"एवढंच."

"आणि रोज पन्नास अंडी तुम्ही कपाटात नासवता."

भालेरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. चौदा वर्षांच्या कारकुनीत त्यांना इतका सरळ प्रस्ताव कुणी दिला नव्हता.

अडचण एकच होती. फार्मातल्या या कोंबड्या अंडी घालायच्या आणि विसरून जायच्या. उबवायला बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यासाठी गावठी खुडूक कोंबडी लागते. कलाबाईंनी दुसऱ्या दिवशी वस्ती पालथी घातली, मग कोळीवाडा, मग नदीपलीकडच्या भिलाटीपर्यंत. बावीस बायांनी आपापल्या खुडूक कोंबड्या उबवणीला द्यायचं कबूल केलं. त्यात द्रौपदाबाई होत्या. एकट्या, साठीच्या, शेंगा फोडायच्या कामावर जाणाऱ्या. त्यांची एकुलती एक कोंबडी त्यांनी स्वतः डोक्यावर पाटीत घालून आणली. यादीत या बावीसपैकी एकीचंही नाव नव्हतं. त्यांची गरिबी समितीपर्यंत पोचलीच नव्हती.

एकवीस दिवसांनी सगळीकडून चिवचिव सुरू झाली. जानेवारीत, संक्रांतीच्या आधी, भालेरावांनी महिन्याची दोनशे पिल्लं मोजून घेतली आणि वीस लाभार्थ्यांना दहा-दहा वाटली. सह्या घेतल्या, अंगठे घेतले. वहीत लिहिलं: खरेदी दोनशे, वाटप दोनशे, शिल्लक निरंक. ती ओळ लिहून त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि नऊ महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

जेवून हात धुताना त्यांची नजर अंगणात गेली. पावणेदोनशे पक्षी तिथंच होते.

"आता यांचं काय?" कलाबाईंनी विचारलं.

"या अस्तित्वात नाहीत," भालेराव खोल आवाजात म्हणाले. "शिल्लक निरंक आहे."

"नसलेल्या कोंबड्या फार खातात हो."

भालेरावांनी दोन दिवस विचार केला. घरी ठेवल्या तर ती चोरी. सरकारला द्याव्यात तर सरकारला घेता येत नाहीत. शेवटी त्यांनी त्या बावीस बायांना बोलावलं. उबवणीचा मोबदला म्हणून प्रत्येकीला आठ-आठ दिल्या, आणि कुणावर मेहेरनजर नको म्हणून लोटनच्या डोळ्यांवर रुमाल बांधून त्याच्याकडून टोपलीत भरवल्या. अंगण रिकामं झालं. कलाबाई झाडू घेऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ त्यांनी झाडलंच नाही.

फेब्रुवारीत लेखापरीक्षक आले. तोताराम महाजन. नाशिकपासून नंदुरबारपर्यंत या माणसाच्या नावानं कारकुनांच्या चहात साखर विरघळत नसे. स्वतःचा डबा, स्वतःचं पाणी, स्वतःची शाई. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. दोन दिवस त्यांनी वह्या तपासल्या आणि तिसऱ्या दिवशी अस्वस्थ झाले.

"भालेराव, इतका चोख हिशोब मी तीस वर्षांत पाहिला नाही," ते म्हणाले. "दोनशे पिल्लं आणली, दोनशे वाटली, मधे नऊ महिने गेले आणि एकही मेलं नाही? वाढलंही नाही?"

भालेरावांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दारातून द्रौपदाबाई आत आल्या. काखेत तुरेवाला लालबुंद कोंबडा.

"भाऊसाहेब, हाई काय दिधं तुम्ही माले?" त्यांनी कोंबडा टेबलावर ठेवला. "आठ दिधात, आठी कोंबडा निंघनात! नमुना म्हनीसन एक लई उनू. सात घर शेतस. पहाटे चारले बठ्ठा वरडतस. गल्लीमा कोनी मन्हासंगे बोलत नही."

"बाई, बाजारात विका की," साहेब घाईनं म्हणाले. "चांगला भाव येतो."

"कोंबडा एकदाव इकाई जास, साहेब. अंडं रोज इकाई जास," द्रौपदाबाई म्हणाल्या. एवढं नेमकं अर्थशास्त्र त्या खोलीत पूर्वी कुणी बोललं नव्हतं. "माले बदलीमा कोंबडी द्या."

महाजनांनी वाटपाची यादी पुढे ओढली. "नाव काय, बाई?" त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, खालून वर फिरवलं. "यादीत नाव नाही. शिल्लक निरंक. मग हा कोंबडा कुठून आला?"

साहेब पत्र्याच्या भोकांकडे बघू लागले. लोटन हळूच दारामागे सरकला. कोंबड्यानं शाईच्या दौतीत चोच घालून पाहिली आणि मान झटकली, तेव्हा लेखापरीक्षण अहवालावर निळे थेंब उडाले.

"सांगतो," भालेराव म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पाडवा, टोपल्या, लेखानुदान, घार, मुंगूस, कोषागाराची खिडकी, कपाट, कलम चार, खुडूक कोंबड्या. काही लपवलं नाही, साहेबांच्या 'तपासणी'च्या अंड्यांचा आकडासुद्धा. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आता नोकरी गेली तरी निदान छाती हलकी झाली.

महाजनांनी टीपकागदानं अहवालावरचे निळे थेंब टिपले.

"खाद्य कुठून घातलं?"

"बाजाराची झाडलोट, साहेब. आणि घरच्या भाकरी."

"भाकरींची नोंद?"

"नाही ठेवली," भालेराव खाली मान घालून म्हणाले. "तेवढी चूक झाली."

महाजन उठले. "जागेची प्रत्यक्ष पाहणी करावी लागेल. चला. बाई, तुम्हीपण चला, आणि तो कोंबडा घ्या. तो पुरावा आहे."

ऐन दुपारी ती वरात भालेरावांच्या अंगणात आली: पुढे महाजन, मागे भालेराव, साहेब, आणि शेवटी काखेत पुरावा घेऊन द्रौपदाबाई. महाजनांनी कडुनिंब पाहिला, टोपल्या पाहिल्या, जमिनीवरची उकरलेली माती पाहिली. कलाबाईंनी पाहुण्यांना पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग घरामागे गेल्या आणि एक गुबगुबीत कोंबडी आणून द्रौपदाबाईंच्या हातात ठेवली.

"ही घ्या, अक्का. रोज अंडं देते."

भालेराव ताडकन उठले. "ही कुठली? आपण सगळ्या वाटल्या होत्या!"

"पाच ठेवल्या होत्या मागं," कलाबाई म्हणाल्या. "मला करमेना म्हणून. नसलेल्यातल्याच पाच. तुमच्या वहीत सापडल्या तर सांगा."

भालेरावांनी डोळे मिटले. लेखापरीक्षकाच्या देखत, त्यांच्याच अंगणात, सरकारी मालमत्ता लपवलेली निघाली होती. डोळे उघडले तेव्हा द्रौपदाबाई कोंबडी पोटाशी धरून फाटकाबाहेर पडल्या होत्या, कोंबडा अंगणात सुटला होता, आणि कलाबाई महाजनांसमोर पाट मांडत होत्या.

"मी कुणाकडे जेवत नाही," महाजन म्हणाले. "नियम आहे."

"तो कचेरीतला. इथं मी विचारतेय. दारातून दुपारी माणूस उपाशी गेला, तर माझा नियम मोडतो."

महाजनांचा डबा कचेरीत राहिला होता आणि दीड वाजून गेला होता. ते पाटावर बसले. कलाबाईंनी ज्वारीची भाकरी वाढली, ठेचा वाढला, आणि काळ्या मसाल्यातल्या झणझणीत रश्श्याची वाटी ठेवली. महाजनांनी एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा घेतला. वाटीत बुडालेलं अंडं अर्धं संपलं, तेव्हा त्यांचा हात एकाएकी थांबला.

"वहिनी," त्यांनी सावकाश विचारलं, "ही अंडी कुठली?"

"उरलेल्या चार कोंबड्यांची," कलाबाई म्हणाल्या.

साहेबांचा पाण्याचा तांब्या ओठांशीच राहिला. महाजनांनी वाटीकडे पाहिलं, भालेरावांकडे पाहिलं, मग भाकरीचा मोठा तुकडा मोडून रश्श्यात बुडवला.

"ज्या कोंबड्या वहीत नाहीत," ते म्हणाले, "त्यांची अंडी माझ्या पोटात असू शकत नाहीत. वहिनी, अजून एक वाढा."